गट जमवायचा तर आधी विश्वास जमवा
ट्रॅव्हल एजंटांसमोरील नवे आव्हान आणि ग्रुप बुकिंगचे गणित

तालुक्याच्या कोणत्याही गावी जा, एसटी स्टँडच्या आसपास ट्रॅव्हल एजन्सीचे एक तरी दुकान दिसतेच. काचेच्या दारावर विमानाचे चित्र, आत एक टेबल व दोन खुर्च्या, भिंतीवर काबागृहाचे कॅलेंडर आणि बाहेर "पासपोर्ट, व्हिसा, विमान व रेल्वे तिकीट, हज-उमरा" अशी पाटी. एके काळी आखाताला जाणाऱ्या तरुणांची या दुकानांत रीघ लागत असे. आज त्यांपैकी अनेक दुकानांत तिकिटापेक्षा झेरॉक्सचीच कमाई जास्त आहे. कोकणातील एका एजंटाने आम्हाला हसत हसत सांगितले, "साहेब, गिऱ्हाईक येतो, भाव विचारतो आणि घरी जाऊन मोबाइलवर स्वतःच तिकीट काढतो." हसण्यावारी नेले तरी त्यातले दुःख लपत नव्हते.

हे का घडले, हे समजून घेणे आवश्यक आहे. २००२ साली रेल्वेची तिकिटे इंटरनेटवर मिळू लागली. २००८ च्या अखेरीस भारतातील मोठ्या विमान कंपन्यांनी एजंटांना तिकिटामागे मिळणारे पाच टक्के कमिशन बंद केले. त्यानंतर मोबाइल आला आणि सुट्या तिकिटाचा धंदा जवळजवळ गिऱ्हाइकाच्याच हातात गेला. दोनशे-तीनशे रुपयांच्या सेवाशुल्कावर दुकानाचे भाडे, विजेचे बिल आणि एका मुलाचा पगार निघणे कठीण झाले आहे.

मग या व्यावसायिकांनी दुकान बंद करावे काय? आमचे मत तसे नाही. एक माणूस आपले तिकीट स्वतः काढू शकतो. परंतु चाळीस माणसांचा प्रवास, मुक्काम, जेवण, औषधपाणी आणि परतीची सोय मोबाइलवर होत नाही. तेथे जाणकार माणूस लागतोच. म्हणूनच छोट्या एजंटाचे भवितव्य ग्रुप बुकिंगमध्ये, म्हणजेच गटाच्या प्रवासात आहे. हा धंदा वाढवायचा कसा, याचा या लेखात विचार करू.

धंद्याची सुरुवातच गटाने झाली

आधुनिक ट्रॅव्हल एजन्सीचा जन्मच मुळी गटाच्या सहलीतून झाला आहे. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमध्ये थॉमस कुक नावाच्या दारूबंदी कार्यकर्त्याने लेस्टरहून लॉफबरो येथील सभेसाठी सुमारे पाचशे लोकांना एका आगगाडीने नेले. माणशी दर होता एक शिलिंग. दारूबंदीच्या सभांना येणारे लोक आधीच एकमेकांना ओळखत होते. त्यांना जाण्याचे कारण होते, जाण्याचा दिवस ठरलेला होता. फक्त कोणीतरी रेल्वे कंपनीशी बोलून दर ठरवायचा होता. ते काम त्यांनी केले. आजच्या एजंटानेही हेच करायचे आहे.

याच कंपनीचा मुंबईशी व हजयात्रेशी आलेला संबंध फारसा कोणाला ठाऊक नसतो. १८८६ साली हिंदुस्थानच्या इंग्रज सरकारने हाजींच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुकच्या कंपनीकडे सोपवली. मुंबईहून जेद्दापर्यंतची जहाजे, तिकिटे, परतीची सोय असे सर्व काम तिच्याकडे होते. परंतु हा सौदा कंपनीला परवडला नाही आणि १८९३ मध्ये ती व्यवस्था संपली. जगातली सर्वांत मोठी पर्यटन कंपनीसुद्धा या प्रवासात सहज यशस्वी होऊ शकली नाही, यावरून या कामात किती बारकावे आहेत हे कळते. जहाजाने हजला जाण्याची मुंबईची परंपरा पुढे १९९५ पर्यंत चालू होती.

मराठी माणसालाही गटाच्या सहलीची गोडी नवी नाही. १९८४ साली स्थापन झालेल्या केसरी टूर्ससारख्या संस्थांनी जेवणापासून सोबतीपर्यंत सर्व काही सांभाळणारी सहल मराठी मध्यमवर्गाच्या दारी नेली. महिलांसाठी वेगळी, ज्येष्ठांसाठी वेगळी, नवविवाहितांसाठी वेगळी अशी सहल आखता येते, हे या मंडळींनी दाखवून दिले. त्यांच्याएवढे भांडवल तालुक्याच्या एजंटाकडे नाही हे खरे. परंतु त्याच्याकडे जे आहे ते मोठ्या कंपनीकडे नाही. तो गिऱ्हाइकाच्या बापालाही ओळखतो!

गट तयार करू नका, असलेला गट शोधा

बहुतेक एजंट आधी सहल ठरवतात, पत्रके छापतात आणि मग माणसे शोधत बसतात. पंधरा ठिकाणची पंधरा माणसे मोठ्या कष्टाने जमतात आणि त्यांतली चार आयत्या वेळी गळतात. याउलट गावात आधीच जमलेले गट असतात, त्यांच्याकडे मात्र कोणी जात नाही.

आपल्याच गावात नजर टाका. मशिदीची जमात आहे. सेवानिवृत्त शिक्षकांचा संघ आहे. महिला बचत गट आहेत. शाळेच्या दहावीच्या जुन्या तुकडीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. व्यापारी संघटना आहे, रिक्षा युनियन आहे, क्रिकेट मंडळ आहे. लग्नसराईत पन्नास-साठ वऱ्हाडी एका गावाहून दुसऱ्या गावी जातात, तोही गटच आहे. शाळांच्या सहली दरवर्षी निघतात. त्यांना मुंबईच्या वरळी येथील नेहरू विज्ञान केंद्रापासून दौलताबादच्या किल्ल्यापर्यंत कोठेतरी जायचेच असते.

व्यापाऱ्यांच्या गटाकडे तर आमच्या एजंटांचे फारच दुर्लक्ष झाले आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात १९५७ पासून कँटन फेअर हे प्रचंड व्यापारी प्रदर्शन भरते. वर्षातून दोनदा, वसंतात व शरदात, प्रत्येकी तीन टप्प्यांत ते होते आणि कोणत्या टप्प्यात कोणता माल असेल हे आधी जाहीर होते. भिवंडीचा, मालेगावचा किंवा इचलकरंजीचा उद्योजक एकटा जायला बिचकतो. भाषा येत नाही, जेवणाची अडचण, हलाल कोठे मिळेल याची चिंता. असे बारा व्यापारी एकत्र केले, सोबत दुभाष्या दिला आणि जेवणाची खात्री दिली, तर तो गट दरवर्षीचा होतो. सहलीचा माणूस यंदा गेला तर पुढल्या वर्षी जाईलच असे नाही. व्यापारी मात्र माल संपला की पुन्हा जातो.

गटाकडे जाताना "आमच्याकडे अमुक टूर आहे" असे म्हणून जाऊ नका. "तुम्हाला कोठे, केव्हा आणि किती खर्चात जायचे आहे?" असे विचारा. बचत गटाच्या महिला शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी जायला तयार असतील, तर हॉटेलचा दर खाली येतो आणि तुमचा भाव आपोआप स्पर्धेत उतरतो. हे विचारल्याशिवाय कळत नाही.

गटाचा म्होरक्या आणि त्याचे फुकट तिकीट

प्रत्येक गटात एक माणूस असा असतो की, तो "हो" म्हणाला की बाकीचे वीस जण "हो" म्हणतात. कोठे ते मास्तर असतात, कोठे मौलाना, कोठे बचत गटाच्या अध्यक्षा आपा. एजंटाने आपली शक्ती अशा माणसावर खर्च करावी. त्यांना लेखी माहिती द्यावी, लोक विचारतील त्या शंकांची उत्तरे आधीच द्यावीत. कारण घरोघरी तुमची बाजू मांडणारे तेच असतात.

विशिष्ट संख्येमागे गटप्रमुखाला एक जागा मोफत देण्याची रीत या धंद्यात जुनी आहे आणि त्यात गैर काही नाही. तो माणूस काम करतो, त्याचा मोबदला घेतो. गैर आहे ते लपवणे. ही जागा फुकट नसतेच. तिचा खर्च बाकीच्यांच्या दरात वाटलेला असतो. प्रवासात कधीतरी ही गोष्ट फुटते आणि "मास्तरांनी आमच्या जिवावर सहल केली" अशी कुजबुज सुरू होते. गट फुटतो, मास्तरांची अब्रू जाते आणि एजंटाचा पुढचा गट बुडतो. म्हणून पत्रकातच छापावे, "२० प्रवाशांमागे एका गटप्रमुखाची जागा संस्थेतर्फे." ते उघड सांगितल्यावर कोणी आक्षेप घेत नाही, असा अनुभव आहे.

दर ठरवण्याचे साधे गणित

ग्रुप बुकिंगमध्ये एजंट बुडतो तो बहुधा हिशेबात. खर्च दोन प्रकारचे असतात. माणसे कितीही येवोत, बदलत नाही तो ठोक खर्च. माणसागणिक वाढतो तो डोईखर्च. एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

समजा, कोकणातून दौलताबाद, वेरूळ, खुलताबाद व अजिंठा अशी सहल आहे. बसचे भाडे साठ हजार रुपये आणि सोबतच्या माणसाचा खर्च पाच हजार, म्हणजे ठोक खर्च ६५,००० रुपये. मुक्काम व जेवण यांचा डोईखर्च १,८०० रुपये. बसमध्ये चाळीस जण बसणार म्हणून एजंट ६५,००० ला ४० ने भागतो. माणशी १,६२५ येतात, त्यात १,८०० मिळवून ३,४२५ होतात. त्यावर थोडा नफा धरून तो ३,६०० रुपये दर जाहीर करतो. प्रत्यक्षात तीस माणसे येतात. जमा १,०८,०००, खर्च ६५,००० अधिक ५४,००० म्हणजे १,१९,०००. अकरा हजारांचा तोटा!

आता शहाणा एजंट काय करतो पाहा. तो पंचवीस माणसे धरूनच भागाकार करतो. माणशी २,६०० अधिक १,८०० म्हणजे ४,४०० हा त्याचा दर. पंचवीस आले तर ना नफा ना तोटा. तीस आले तर १३,००० रुपये सुटतात, चाळीस आले तर ३९,००० रुपये. आणि वीसच नावे आली तर १३,००० चा तोटा होणार हे त्याला आधीच दिसते. म्हणून तो ठरलेल्या तारखेपर्यंत वाट पाहून बस लहान करतो किंवा सहल रद्द करून सर्वांचे पैसे परत देतो. "पंचवीस नावे न झाल्यास सहल रद्द होईल व संपूर्ण रक्कम परत मिळेल" हे वाक्य त्याच्या पत्रकात पहिल्या दिवसापासून असते.

येथे कोणी म्हणेल, ४,४०० सांगितले तर गिऱ्हाईक ३,६०० वाल्याकडे जाईल. काही जण जातील. पण तोट्यात गेलेला एजंट तोटा भरून काढतो तो प्रवाशाच्या ताटातूनच. हॉटेल बदलते, दुसरी भाजी गायब होते, एक ठिकाण "वेळेअभावी" वगळले जाते. पुढल्या वर्षी तीच माणसे तुमच्याकडे येतात.

रेल्वे, एसटी आणि विमानाच्या सोयी

गटासाठी उपलब्ध असलेल्या अनेक सोयींची माहिती एजंटांनाच नसते. एसटी महामंडळ प्रासंगिक करारावर संपूर्ण बस देते. शाळांच्या सहलींना त्यात सवलतही असते. आगारात जाऊन चौकशी करावी.

रेल्वेत एका अर्जावर सहाच प्रवाशांचे आरक्षण होते आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. त्यामुळे चाळीस जणांची तिकिटे एका सकाळी, एका डब्यात मिळवणे सोपे राहिलेले नाही. परंतु पूर्ण डबा किंवा पूर्ण गाडी आरक्षित करण्याची सोय आयआरसीटीसीमार्फत आहे. तीसाठी बरेच आधी अर्ज करून अनामत भरावी लागते आणि हा दर सामान्य तिकिटापेक्षा महाग पडतो. तरीही मोठे वऱ्हाड किंवा दोन-तीन गावांचा एकत्र गट असेल तर विचार करण्यासारखी ही सोय आहे.

विमानात सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक प्रवासी एकत्र असल्यास तो गट मानला जातो. गटाचा दर नेहमी स्वस्तच असतो असे नाही. त्याचा खरा फायदा वेगळा आहे. थोडी अनामत भरून जागा धरून ठेवता येतात, दर पक्का होतो आणि नावे नंतर देता येतात. पण प्रत्येक कंपनीची नावे देण्याची, पूर्ण पैसे भरण्याची आणि जागा परत करण्याची तारीख ठरलेली असते. ती चुकली की अनामत जप्त होते. आमच्या माहितीतील एका एजंटाने रमजानच्या उमऱ्यासाठी हौसेने चाळीस जागा धरल्या, भरल्या अठराच. उरलेल्या जागांच्या अनामतीत त्याची दोन वर्षांची कमाई गेली. पहिल्या वर्षी पंधरा जागाच धराव्यात. त्या भरून चार माणसे परत गेली तरी चालेल. तीच चार माणसे पुढच्या वर्षी लवकर येतील.

दिनदर्शिका हे एजंटाचे खरे हत्यार

कोणत्या गटाकडे केव्हा पैसा असतो आणि केव्हा सवड असते, याचा तक्ता एजंटाने भिंतीवर लावावा. शेतकऱ्याकडे माल विकल्यावर पैसा येतो. शिक्षकाला दिवाळीत व मे महिन्यात सवड असते. आखातातील चाकरमानी सुट्टीवर येतो तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांना कोठेतरी न्यावे असे त्याला वाटते. त्यालाच दोन महिने आधी फोन गेला पाहिजे.

हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो. २०३० सालात तर तो दोनदा सुरू होणार आहे, जानेवारीच्या प्रारंभी आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. रमजानमधील उमरा सर्वांत महाग असतो, याचे कारण मक्का व मदिना येथील हॉटेलांची मागणी. बेताच्या ऐपतीच्या माणसाला सफर किंवा रबीउल अव्वलसारख्या महिन्यांत उमरा कमी खर्चात होतो, हे त्याला प्रामाणिकपणे सांगावे.

ठिकाणांचे सुट्टीचे वारही पाठ असावेत. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी बंद, तर आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांना बंद असतो. मुरूडचा जंजिरा पावसाळ्यात पाहता येत नाही. अजमेर, दिल्ली व आग्रा अशी सहल काढून शुक्रवारी आग्र्याला पोहोचणारे एजंट आम्ही पाहिले आहेत. दरवाजापर्यंत जाऊन परतलेल्या चाळीस प्रवाशांचा राग पुढे दहा वर्षे टिकतो.

महिलांचा गट

गेल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने पुढे आलेला गट महिलांचा आहे. २०१८ च्या हजपासून पंचेचाळीस वर्षांवरील महिलांना मेहरमशिवाय, किमान चौघींच्या गटाने अर्ज करण्याची मुभा भारत सरकारने दिली. यातील धार्मिक मतभेदांत येथे शिरण्याचे कारण नाही. ज्या त्या कुटुंबाने आपल्या उलेमांना विचारून निर्णय घ्यावा. व्यवसायाच्या दृष्टीने मुद्दा असा की, घराबाहेर पडू इच्छिणाऱ्या महिलांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत. सोबत महिला व्यवस्थापक, स्वच्छ स्वच्छतागृह असलेले थांबे, नमाजची जागा, रात्रीचा प्रवास टाळणे आणि दिवसातून एकदा घरी फोन. एवढ्या पाच गोष्टी पत्रकात लिहा आणि पाळा. जाहिरात बायकाच करतील.

"पाच मिनिटे" कोणाची?

येथे आमचाच एक अनुभव सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका एजंटाच्या गटातून उमऱ्याला गेलो होतो. चौतीस जणांचा गट होता. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. पत्रकात "हरमपासून पाच मिनिटे" असे छापले होते. मक्केत उतरल्यावर कळले की, ती पाच मिनिटे टॅक्सीची होती. गटात सत्तरीच्या एक खाला होत्या. नवऱ्याच्या फंडाचे पैसे आणि हातातील बांगड्या विकून त्या आल्या होत्या. पहिले दोन दिवस त्या चालत गेल्या. तिसऱ्या दिवशी गुडघे सुजले. पुढचे पाच दिवस इशाच्या नमाजला आम्ही सर्व हरमकडे निघालो की, त्या हॉटेलच्या खिडकीपाशी बसून राहायच्या. तक्रार त्यांनी एकदाही केली नाही. परत येताना एवढेच म्हणाल्या, "बेटा, इतक्या जवळ येऊन मी खोलीतच बसले."

एजंटाला आम्ही जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "पाच मिनिटेच लिहिले होते, चालत असे कोठे लिहिले होते?" कायद्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे कदाचित टिकेलही. पण त्या चौतीसपैकी एकही घर पुन्हा त्याच्याकडे गेल्याचे आम्हाला माहीत नाही.

म्हणून पत्रकात विशेषणे नकोत, आकडे हवेत. हरमच्या अंगणापासून हॉटेल किती मीटर, चढ आहे की सपाट, खोलीत किती जण, जेवण किती वेळा, जियारतची बस कोणत्या दिवशी. मदिनेत रौजा-ए-जन्नतमध्ये नमाजसाठी नुसुक अॅपवर परवाना काढावा लागतो. तो कोण काढून देणार, हेही लिहावे. मेनिन्जायटिसची लस पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. मक्का ते मदिना हा प्रवास २०१८ मध्ये सुरू झालेल्या हरमैन रेल्वेने होणार की बसने, हेही आधी सांगावे. आणि जे मिळणार नाही, त्याचीही यादी द्यावी. जीएसटी व टीसीएस धरून दर सांगावा. हज-उमरा संयोजकांची जीएसटी माफीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये फेटाळली आहे, त्यामुळे यात पळवाट नाही. दर बदलत असतात; त्या वर्षीचे दर आपल्या चार्टर्ड अकाउंटंटला विचारून घ्यावेत.

पैसा ही अमानत आहे

उमरा आणि हज यांत फरक आहे, हे एजंटाने स्वतः समजून घ्यावे आणि गिऱ्हाइकालाही समजवावे. हजची संख्या ठरलेली असते आणि खासगीरीत्या हजला नेण्याचा अधिकार केंद्र सरकारच्या अल्पसंख्याक मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या संयोजकांनाच आहे. गावातील एजंट फार तर त्यांचा मदतनीस असतो. असे असताना "हजची सीट पक्की" म्हणून पैसे घेणे ही फसवणूक आहे.

२०२५ सालचा धडा ताजा आहे. त्या वर्षी भारताच्या १,७५,०२५ जागांपैकी १,२२,५१८ हज कमिटीकडे होत्या आणि उरलेल्या खासगी संयोजकांकडे. आठशेहून अधिक संयोजकांना २६ मोठ्या गटांत एकत्र करण्यात आले होते. मक्केजवळील मिना येथील तंबू व अन्य करार मुदतीत पूर्ण झाले नाहीत आणि खासगी जागांपैकी बहुतेक हातच्या गेल्या. सौदी सरकारने नंतर दहा हजारांसाठी पुन्हा संधी दिली. तरीही पैसे भरलेले हजारो लोक घरीच राहिले. ज्यांच्याकडे पक्की पावती व लेखी करार होता, ते निदान मागू शकत होते. ज्यांनी ओळखीवर रोख दिले, ते कोणाच्या दारी जाणार?

आमची एजंटांना विनंती आहे की, गटाच्या पैशांचे बँक खाते वेगळे ठेवावे. दुकानाचे भाडे आणि घरचा किराणा त्या खात्यातून जाऊ नये. एका गटाच्या पैशांतून दुसऱ्या गटाची तिकिटे काढणे हाच बुडण्याचा रस्ता आहे. एक गट लांबला की सगळी साखळी तुटते. प्रत्येक रकमेची पावती द्यावी. कोणत्या तारखेपूर्वी रद्द केल्यास किती परत मिळेल, हे पावतीच्या मागे छापावे. दरमहा हप्ते गोळा करून "तीन वर्षांनी उमरा" अशा योजना चालवण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा १९९९ पासून आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ पासून अस्तित्वात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार नाराज प्रवासी जिल्हा आयोगाकडेही जाऊ शकतो.

आणि कायद्याच्याही पलीकडे एक हिशेब आहे. एखाद्याने आयुष्यभर साठवलेले पैसे आपल्या हाती दिले, तर ती अमानत आहे. तिच्यात खयानत करून मिळवलेल्या रोजीत बरकत नसते, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

परतल्यानंतरचे काम

प्रवास संपला की बहुतेक एजंट सुटकेचा श्वास सोडतात आणि फाइल बंद करतात. खरे तर पुढचा गट तेथूनच सुरू होतो. उमऱ्याहून परतलेल्या माणसाच्या घरी आठवडाभर लोक येतात. खजूर आणि जमजम वाटताना पहिला प्रश्न असतो, "कोणाबरोबर गेला होतात?" या एका प्रश्नाच्या उत्तरावर तुमचा पुढचा हंगाम ठरतो. कोणतीही जाहिरात त्याची बरोबरी करू शकत नाही.

म्हणून परतल्यावर पंधरा दिवसांनी सर्व प्रवाशांना चहाला बोलवावे. एकत्र काढलेला फोटो प्रत्येकाला द्यावा. काय चुकले ते विचारावे आणि वहीत लिहून ठेवावे. चूक झाली असेल तर माफी मागावी. खर्च वाचला असेल तर तो परत करावा. सातारा जिल्ह्यातील एका एजंटाने मदिनेत एक जेवण कमी दिले गेले म्हणून परतल्यावर प्रत्येकाच्या घरी जाऊन तीनशे रुपये दिले. रक्कम किरकोळ होती. पण त्याच्या पुढच्या गटाला त्याने पत्रकच छापले नाही, कारण त्याआधीच जागा भरल्या होत्या.

सारांश, गट जमवण्यासाठी मोठे कार्यालय, रंगीत जाहिरात किंवा शहरातील पत्ता लागत नाही. आपल्या गावातील गट ओळखा, कमी माणसे धरून हिशेब करा, आकड्यांत बोला, पैसा वेगळा ठेवा आणि परतल्यावर दार ठोठावा. दुकान लहान असले तरी चालेल. पुढच्या वेळी एखादी खाला पत्रक हातात घेऊन "हॉटेल किती लांब आहे, बेटा?" असे विचारील, तेव्हा तिला मीटरमध्ये उत्तर द्या. आणि ते अंतर तिच्या गुडघ्यांना झेपणारे नसेल, तर तेही तेथेच, पैसे घेण्यापूर्वी सांगा.